नववा होल समुद्रात

॥ श्री ॥
उज्जैन, ६ डिसेंबर २०२५

चि. श्रीधर यास मंगलताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं गोल्फच्या मैदानावरच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या होलचं पत्र पोचलं. बापूंना आता फोनवर काही ऐकू येत नाही, त्यामुळे तुझी पत्रं हीच त्यांची करमणूक. सिंचाई विभागात पस्तीस वर्षं जमीन मोजलेला माणूस. गोल्फ कशाशी खातात ते माहीत नाही, पण तुझा एकेक होल जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मापाने काढतात. समुद्र माझ्या शाळेच्या निळ्या पेन्सिलीने. शेजारच्या तेजस्विनीला दर आठवड्याला बोलावून सांगतात की मुलगा क्लबचा मॅनेजर आहे, समुद्राच्या काठाने खेळतो. ती बिचारी दर आठवड्याला चकित होते.

आता माझा हर्निया. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. बापू बावन्न किलो आहेत आणि दिवसातून सहा वेळा उठवावे लागतात. थोडेथोडे उचलले तर चालतील का, असं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. तारीख दोनदा पुढे ढकलली, आता २८ जानेवारी. तू सहा आठवडे ये, हे मी तीन पत्रांत लिहिलं. उत्तरात कळलं की वारा पश्चिमेचा होता.

बारा वर्षं एकटीने बापूंचं केलं, थकलेय रे. बाकी सब ठीक. माझी माया आहेच, तुझी थोडी इकडे येऊ दे.
ताई

॥ श्री ॥
कारलवाडी, १५ डिसेंबर

ती. ताईस श्रीधरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

रागावू नकोस. जानेवारीत स्पर्धा आहेत, मॅनेजरच निघून गेला तर कसं व्हायचं? एखादी बाई ठेवता येते का बघ.

बापूंना सांग, नऊ होलांचा फेरा पुरा झाला. सातवा दक्षिणेकडे, समुद्र डाव्या हाताला. मध्ये खडकांची खाच आहे, तिच्यावरून चेंडू न्यावा लागतो. रोज चार-पाच चेंडू माशांच्या वाट्याला जातात. आठवा लहान, वाळूचे तीन खड्डे. नववा पुन्हा दक्षिणेला, साडेचारशे पावलं, आणि झेंडा क्लबच्या दारात, निघालो तिथेच. सूर्य बुडताना माणसाला आणखी काही नको वाटतं.

बापूंना नमस्कार. तुझा राग कळतो, पण तो टिकवू नकोस.
श्रीधर

॥ श्री ॥
उज्जैन, २९ डिसेंबर

चि. श्रीधर यास आशीर्वाद.

फ्रीगंजमधून एक बाई मिळाली होती. तिला पाहून बापूंनी सकाळपासून मी शाळेतून येईपर्यंत लघवी धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिला दोष देत नाही.

तुला आणखी काही नको वाटतं हे छान आहे. मला एका कुशीवर झोपता आलं तरी पुरे.

बापू दोन दिवस जेवले नाहीत. तुझा नववा होल त्यांच्या नकाशात समुद्रात पडतो, किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत. आधी त्यांना वाटलं आपला हात चुकला. तीनदा पुन्हा काढलं. मग मला बोलावून म्हणाले, जिथून निघालं तिथेच यायचं तर फेरा मिटला पाहिजे, हा मिटत नाही. दक्षिणेला तोंड केलं तर कोकणचा समुद्र उजव्या हाताला येतो, डाव्या नाही. शेवटी म्हणाले, हा मुलगा ही जमीन चाललेलाच नाही.

मला नकाशातलं कळत नाही. तू खोटं बोललास, एवढं कळलं. तू तिथे नक्की काय करतोस?

उत्तर सरळ दे, मग लोभाचं बघू.
ताई

॥ श्री ॥
कारलवाडी, ७ जानेवारी २०२६

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

मी मॅनेजर नाही. पुण्याची कंपनी बंद पडल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, पहिल्या होलपाशी एक खोपटं आहे त्यात बसतो. कोण किती वाजता खेळायला निघालं ते लिहितो. तिघांबरोबर एका खोलीत राहतो, म्हणून तुम्हाला कधी बोलावलं नाही. पहिले तीन होल मी चाललोय, पुढचं खेळणाऱ्यांकडून ऐकलेलं. प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि प्रत्येक जण चांगलाच खेळलेला असतो.

सहा आठवडे सुटी मागितली तर जागा जाईल. पण खरं कारण ते नाही. बापूंसमोर कोणतं तोंड घेऊन उभा राहू?

हे त्यांना वाचायला देऊ नकोस. आणखी काही मागायला तोंड उरलेलं नाही.
श्रीधर

॥ श्री ॥
उज्जैन, १४ जानेवारी, संक्रांत

चि. श्रीधर यास आशीर्वाद. तिळगूळ सोबत आहे, पोस्टाने त्याचा भुगा केला असेल तर चमच्याने खा.

पत्र बापूंना दिलं. या घरात लपवायचं कामही मीच करायचं, हे आता होणार नाही. भिंग घेऊन दोनदा वाचलं. काल पेन्सिल मागितली.

मोजणीत चूक निघाली तर ती एका रेषेच्या माथी मारत नाहीत, असं ते म्हणाले. सगळ्या रेषांवर थोडी थोडी वाटून द्यायची असते. चौथ्यापासून एकेक होल त्यांनी जरासा वळवला आणि नववा किनाऱ्यावर आला. तुझ्या पहिल्या तीनला मात्र हात लावला नाही. म्हणाले, तिथे एका पावलाचीही चूक नाही. हे सांगताना त्यांचा आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही, येऊन ऐक.

मी त्यांना पाटीवर लिहून विचारलं, मग या घरातली बारा वर्षांची सगळी चूक एकाच रेषेवर का? त्यांनी वाचलं आणि पाटी पालथी ठेवली. आज सकाळी उठवताना त्यांनी पहिल्यांदा स्वतः पलंगाची कड धरून जोर लावला. त्यांच्या वाटणीचं आलं. आता तुझ्या वाटणीचं.

येशील तेव्हा रागावेन. तेवढा हक्क राहू दे.
ताई

॥ श्री ॥
कारलवाडी, २० जानेवारी

ती. ताईस, ती. बापूंस शि. सा. नमस्कार.

चोवीसला दुपारी उज्जैनला उतरतो. स्टेशनवर येऊ नकोस, बापूंना उठवायच्या वेळेपर्यंत मी घरी पोचतो. जागा ठेवतील की नाही, माहीत नाही.

आज गवत कापणाऱ्यांबरोबर पहाटे चौथ्यापासून नवव्यापर्यंत चाललो. पावलं मोजून कागदावर लिहिली आहेत, बापूंना हातात देईन. सातव्याला समुद्र उजवीकडेच आहे. नववा उत्तरेला जातो. त्याचा झेंडा माझ्या खोपट्याच्या मागे, केवड्याच्या कुंपणापलीकडे, चाळीस पावलांवर आहे. दोन वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

तू रागावायला सुरुवात कर, मी निघालोच.
श्रीधर