खरोखरचा साष्टांग

गुलबर्गा, शुक्रवार

तीर्थरूप आईस श्रीमंतचा शिरसाष्टांग नमस्कार. या खेपेला तो नुसता लिहिला नाही, आपल्या खजुरी गावाकडं तोंड करून जमिनीवर आडवा होऊन घातला!

गेल्या पंचमीला तुझ्या पाया न पडताच निघालो. तो राग नव्हता आई, कंबर वाकत नव्हती.

इथं शेजारच्या कानडी मास्तरांनी आसनं शिकवली. पहिल्याच दिवशी ते ‘बिडी’, म्हणजे ‘सोडा’, म्हणाले. पन्नाशीत हा नाद सोडा म्हणतात असं वाटून मी घोंगडी गुंडाळली. ते हसले, "अण्णा, श्वास सोडा म्हणलो! तुम्ही कुठं निघालाव?"

आता रोज पहाटे देवाचं नाव घेत खोलीत एकटाच करतो. दोन महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? पंचमीला येतो. मी वाकलो की ‘राहू दे’ म्हणू नकोस.

तुझा श्रीमंत