छातीचं माप

रविवार, १७ तारीख, संध्याकाळ

मास्तरांना सप्रेम नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र मिळालं नाही असं नाही. मिळालं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. रोज बॉबिन काढायला खण उघडायचा, तुमचं अक्षर दिसलं की घाईने लावून टाकायचा, असं चाललं होतं. माझी शाळा चौथीत सुटली आणि तुम्ही पडलात मास्तर, तेव्हा चुकलेल्या शब्दांना लाल शाईने गोल करत बसू नका.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा होता तसाच आहे. तुम्हाला नवी जागा मानवली का? पाणी उकळून पिता ना? नव्या गावचं पाणी पटकन बाधतं. खोली वरच्या मजल्यावर असेल तर जिन्यात दिवा आहे का ते आधी बघा. पडलात तर उचलायला तिथे कोण आहे?

सूनबाई बरी आहे. आत झोपली आहे. लॅबमधून तिने चार दिवसांची रजा काढली होती. कशासाठी, हे तिने तुम्हाला कळवलं की नाही ते मी विचारलं नाही. कळवलं नसेल तर माझ्याकडून ऐका. तिने पाण्याखाली उतरायचं शिक्षण घेतलं. पाठीला हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून उतरतात ना, ते.

माझा मुलगा ज्या फेरीबोटीच्या इंजिनावर होता ती इतकी वर्षं बंदराबाहेर तळाला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचे सगळे सापडले, तो सापडला नाही. आता बंदराच्या कचेरीने बोट तोडून काढायचं ठरवलं आहे. उद्यापासून तिथे कोणाला फिरकू देणार नाहीत. ही बातमी आली तेव्हा सूनबाई भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मला एकदा खाली जाऊन बघायचंय. मग पुढचं बघू."

पुढचं म्हणजे काय, ते मशीनच्या खणात होतं. मी वेड पांघरलं. म्हटलं, "तुला पोहता तरी येतं का?"

"येतं. तुमच्याच मुलाने शिकवलंय."



शिकवणारी एक बाई आहे. आडवा बांधा, आवाज भोंग्यासारखा. तिने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "रजा चार दिवसांची आहे हे तुमचं तुम्ही बघा. एक गोष्ट जरी जमली नाही तरी मी पास करणार नाही. आणि पास झाल्याशिवाय त्या बोटीजवळ नेणार नाही. मग ती बोट तिथे असो नाहीतर नसो."

आधी पोहण्याच्या तलावात शिकवलं. मी काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसायचो. तळाशी गुडघ्यांवर बसायचं, चष्म्यात मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून ते बाहेर घालवायचं. तोंडातली नळी काढायची, सोडून द्यायची, चाचपून परत धरायची. कानाला दडा बसला की नाक दाबून फुंकायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे श्वास कधी रोखायचा नाही. खाली श्वास धरून तसंच वर आलं तर फुप्फुसं फाटतात म्हणे. 

एकदा ती बाई पाण्यातून डोकं काढून ओरडली, "ओ आजोबा! पाण्यात ती आहे, तुम्ही कशाला श्वास धरून बसलाय? मला एकाच वेळी दोघांना बाहेर काढायला लावू नका!"

सगळा तलाव हसला. सूनबाईही हसली. मास्तर, तिला हसताना मी किती दिवसांनी पाहिलं म्हणून सांगू! तुम्ही पाहिलं असेल. मी नव्हतं पाहिलं.

इथवर लिहून मी उठलो, दिवा लावला, दार लावलं आहे का ते बघून आलो. आता जे लिहायचं ते टाळून चालणार नाही.

पाण्यात घालायचा जो जाड रबरी पोशाख असतो, तो भाड्याचा होता आणि तिला ढगळ होत होता. आत पाणी खेळायचं. बाहेर आली की ओठ निळे. बाई म्हणाली, याहून लहान माप नाही. मी म्हटलं, "घरी आण, मी बारीक करून देतो." समुद्रात जायच्या आदल्या संध्याकाळी करून दिला.

शुक्रवारी समुद्रात पहिली बुडी कशीबशी झाली. दुसऱ्या वेळी खाली गेल्यावर ती घाबरी झाली, तोंडातली नळीच ओढायला लागली. बाईने तिला घट्ट धरून सावकाश वर आणलं. बाईची बोट वेळेआधीच धक्क्याला लागली, मी टॉवेल घेऊन पुढे झालो. बाई म्हणाली, "आजचं बंद. उद्याही असंच झालं तर राहू द्या."

घरी येताना सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्याच्याने नाही होणार. खाली गेलं की छाती भरतच नाही. त्यालाही शेवटी असंच..."

मास्तर, माझा जन्म शिलाईत गेला. छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला श्वास भरायला सांगायचं, वर दोन बोटं सैल सोडायचं, हे मी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवत आलो. तिच्या पोशाखाला मी अर्धं बोटही सोडलं नव्हतं. मशीनची सुई त्या रबरात शिरेना म्हणून हाताने शिवला, एकेक टाका ओढून. म्हणजे घाईत चुकलं असंही म्हणायची सोय नाही. तिला थंडी वाजू नये म्हणून शिवला, हे खरं आहे. ती पास झाली नाही तर पुढचं काही येणार नाही, घरात आम्ही दोघं आहोत तसेच राहू, हेही खरं आहे. मनाशी मी तसं एकदाही म्हटलं नाही. पण हाताला ठाऊक होतं.

घरी येताच तिच्यासमोर पोशाख उलटा केला आणि उसवायला घेतला. म्हटलं, "फार आवळलं मी. मला कळत होतं."

 ती छोटी कात्री घेऊन समोर बसली आणि दुसऱ्या बाजूचे टाके काढू लागली. सगळे सुटल्यावर तिने तो अंगात चढवला, छाती भरून श्वास घेतला, सोडला. म्हणाली, "आता श्वास जातोय. बाबा, तुम्हाला जड जातंय एवढं नुसतं सांगायचं होतंत. मी काय, न सांगता निघून जाणार होते?"

सकाळी मी त्या बाईलाही सांगितलं. तिने धक्क्यावर चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. "आजोबा, मेली असती ती!" मी मान खाली घालून ऐकलं. मग तिने सूनबाईकडून राहिलेलं सगळं एकेक करून घेतलं. निळे ओठ, दात वाजताहेत, पण जमलं. पास झाली.

आज सकाळी फेरीबोटीच्या जागी गेलो. मलाही नेलं. पाण्यावर त्या दोघींचे बुडबुडे येत होते आणि मी तेवढेच बघत होतो.

वर आल्यावर तिने चष्मा काढला. म्हणाली, "आत जाऊ देत नाहीत. इंजिनाच्या खोलीची भिंत बाहेरून दिसते. हातमोजा काढून हात ठेवला मी."

"मग?"

"गार होती. शेवाळं आहे. मासे आहेत लहान लहान." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तो तिथे नाहीये."

मी म्हटलं, "हो." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हटलं. ते ऐकल्यावर तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. माझी विजार सगळी भिजली.

तुम्ही पत्रात जे विचारलंत त्याला माझं हो आहे. माझ्या परवानगीची तिला गरज नव्हती. तरी ती थांबली, हे तिचं मोठेपण. मी तुमच्याकडे राहायला यावं असं तुम्ही लिहिलंय, ते आत्ता नको. मशीन हलवायला जड आहे, आणि मी त्याहून जड. सुट्टीत या दोघं. एक लक्षात ठेवा, कामाचा ताण असला की ती जेवत नाही आणि जेवले म्हणून सांगते. ताट बघायचं.

आता तातडीचं काम. तुमचा लग्नाचा सदरा मी शिवणार आहे. माप पाठवा. खांदा, बाही, गळा दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या, स्वतः मोजलं की चुकतं. छातीच्या वेळी आधी पूर्ण श्वास भरा, मग फीत लावायला सांगा. वर सैल मी सोडीन. या वेळी नक्की सोडीन.

माझ्यासारखा उशीर करू नका. पत्र हातात पडताच उलट टपाली कळवा. तोवर मला चैन पडणार नाही.

तिचा बाबा