नवी जाळी

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा काय म्हणतो? फोनवर विचारलं की तू 'मस्त' म्हणतेस, म्हणून पत्राने विचारते आहे. पत्रात थापा मारायला जरा तरी कष्ट पडतात. इकडे सगळे बरे. दुकानही बरं, फक्त एकाच पँटची शिवण सकाळपासून तीनदा उसवली. हातच जागेवर नाही.

ओढ्याच्या मंडळाचं तुझ्या कानावर आलं असेलच. ट्रस्टने पैसे बंद केले. म्हणे तुमचा ओढा बरा झाला, आता पैसे आजारी ओढ्यांना. त्यांचं चूक तरी कसं म्हणायचं? पण पाणी तपासणीची फी, लांबून येणाऱ्यांचं बसभाडं, सगळं त्यातूनच भागायचं. तू गेल्यापासून मास्तर मंडळ सांभाळतात. ते म्हणाले, खिशातून चालवू. पुढच्याच रविवारी निम्मे लोक गळाले.

त्यात पाणी किती स्वच्छ ते बघायला किडे धरायची जाळी फाटली. विकत कुठून आणणार? मी म्हटलं, शिंपीण घरचीच आहे, शिवते. शिवली.

गेल्या रविवारी नेहमीसारखे पुलाखालचे दगड उलटले, पुढे जाळी धरली, आणि जमले ते किडे तसेच जाळीसकट पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात ठेवले. ते तुझे लाडके, तीन शेपट्यांचे, घाण पाण्यात न टिकणारे, भरपूर होते. मोजायला वाकलो तोवर एकेक निपचित. मास्तरांचा चेहरा पडला आणि मग, खोटं कशाला सांगू, उजळला. ओढा पुन्हा आजारी, म्हणजे पैसे पुन्हा सुरू. त्यांनी लगेच ट्रस्टला कळवलं. उद्या तिथले साहेब येणार, त्यांच्यासमोर पुन्हा किडे धरून दाखवायचे.

सगळ्यांचं बोट ओढ्याच्या वरच्या अंगाच्या लॉन्ड्रीवाल्याकडे. तू हात धुऊन मागे लागून त्याला साबणाचं पाणी गाळायची टाकी बांधायला लावलीस, तोच. काल तो दुकानात आला. शिवायला काही आणलं नव्हतं. म्हणाला, "ताई असत्या तर आधी टाकीत डोकावल्या असत्या, मग बोलल्या असत्या. तुम्ही तरी येऊन बघा."

मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे, नंतर येते. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

एवढं लिहून मी दोनदा उठले. एकदा मशीनला तेल घातलं, कालच घातलं होतं तरी. आता लिहून टाकते.

बघायला जायची गरजच नव्हती, ताई. जाळी मी दुकानात उरलेल्या मच्छरदाणीच्या कापडाची शिवली. औषध लावलेलं कापड, डास बसला की मरतो. मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. कापताना बोटं चुरचुरली, तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. त्या संध्याकाळी जाळी वाळत घातली आणि खाली माश्या मरून पडलेल्या दिसल्या, तेव्हा कळलं.

तेव्हापासून तोंडाला कुलूप. लाज वाटली हे खरं, पण तेवढंच नाही. आज उद्याच्या तयारीला म्हणून पुलाखाली सगळे जमले होते, तुझ्या वेळेसारखे. गप्पा, चेष्टा, बूट कुणाचे कुणाच्या पायात. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा गप्प बसले. एका माणसाची अब्रू जात होती आणि मला बरं वाटत होतं. शिव्या घाल.

आत्ता दुकानातल्या पडद्याची साधी जाळी कापून दुसरी शिवली आहे. उद्या साहेबांसमोर दोन्ही काढते. तेच दगड, दोन ट्रे; एकातले किडे मरतील, दुसऱ्यातले जगतील. येऊ घातलेले पैसे जातील. कदाचित मंडळही जाईल, आणि तू उभं केलेलं मी बुडवलं असं लोक म्हणतील. तू काय म्हणशील याची मला जास्त धास्ती आहे.

मुद्दामच फोन केला नाही. तू 'जाऊ दे, गप्प बस' म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं. पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल.

दोन्ही जाळ्या घेऊन आधी लॉन्ड्रीकडे निघालेली,
तुझी धाकटी