बाल्कनीतली कोथिंबीर

४ तारीख, सोमवार
घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम निघालाय. बरं झालं. आजपासून बाल्कनीत शेती. समोरच्या मास्तरणीच्या कुंड्या पाहिल्या. झाडं कसली, उपाशी पोरं नुसती! बाईने जन्मभर पोरांचे कान पिळले, आता रोपांचे पिळते. माझ्या हाताला गुण आहे, आईच म्हणायची. तशी ती बहिणीला म्हणायची, पण मी शेजारीच उभी असायचे.

५ तारीख
सुनेला ऑफिसचं टेबल बाल्कनीत हवंय. स्वयंपाकघरात मीटिंग चालू असताना कुकर शिट्ट्या मारतो म्हणे. मारणारच, तिचा साहेब बोलतोच तसं. मुलाने निवाडा केला : महिनाअखेर कोथिंबीर उगवली तर बाल्कनी आईची, नाहीतर टेबलाची. पोटचा पोरगा, आणि बायकोसमोर न्यायाधीश! मी हो म्हटलं. जुडीच आणून आदळते समोर.

६ तारीख, सकाळी
डब्यातले धने काढले. लालसर, खमंग. असं बी मास्तरणीने स्वप्नात पाहिलं नसेल. चपलेखाली रगडून पेरले. ह्यांनी वास घेतला आणि भूक लागली म्हणाले. ह्यांना काय, नुसत्या मातीच्या वासानेही भूक लागते.

१४ तारीख
काही नाही. जातिवंत बी वेळ घेतं. फालतू असतं ते लगेच डोकं वर काढतं, सुनेच्या मावशीसारखं.

१७ तारीख
अजून नाही. सून फोनवर केवढ्याने बोलते! बी दचकत असणार. उद्यापासून पाणी दुप्पट.

२१ तारीख
उगवलं!! हिरवंगार! मास्तरणीला हाक मारून कुंडी दाखवली. चष्मा पुसत म्हणाली, गवत आहे. जळकी मेली. ह्यांना एक पान चाखायला दिलं, तर म्हणे वासच नाही. ह्यांचं नाक नोकरीबरोबरच रिटायर झालं.

२५ तारीख
सून मसाला करायला बसली आणि विचारते काय, भाजून ठेवलेले धने कुठे गेले? मी कुंडीकडे पाहिलं. मुलगा हसता हसता दारातच बसला. भाजलेलं बी उगवत नाही म्हणे. मग आधी सांगायचं! आणि धने कोणी भाजून ठेवतं का? मीच शिकवलंय तिला, पण माझं सगळं ऐकायलाच हवं असं कुठे आहे?

३० तारीख
टेबल आलं. माझी एक कुंडी उरली, तीही टेबलाच्या पायाशी. सुनेने गवत उपटलं आणि मीटिंग ऐकता ऐकता एका हाताने कच्चे धने टाकले. रगडले नाहीत, काही नाही. ह्याला शेती म्हणायचं? बघते ना काय उगवतं ते.

२८ तारीख, पुढचा महिना
उगवली. दाट. वास पार आतल्या खोलीपर्यंत. माती माझी होती म्हणून.
दुपारी ह्यांनी भाजीवरची कोथिंबीर बोटाने चाखली आणि विचारलं, कोणी लावली? सून म्हणाली, आईंनी. वर मुलाला डोळ्यांनी दटावलं, हसू नकोस म्हणून.
मी नाही म्हणणार होते. पण तोंडात घास होता.