शुक्रवारचं मैदान

बा,

आज गुरुवार आहे आणि दुपारची लाईट गेलेली आहे. मी दापोड्याच्या गोदामात गेटजवळच्या केबिनमध्ये बसले आहे. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, बाहेर ट्रकांची रांग आणि ट्रकांच्या सावलीत झोपलेले ड्रायव्हर. लाईट येईपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही. तुला जाऊन आता आठ वर्षं होतील. तू असताना तुला पत्र लिहायची कधी वेळ आली नाही. तू घरात मीठ मागितलंस तरी पुढच्या चार घरांना कळायचं. वीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढल्यावर तुझे कान अर्धे गेले होते, आणि सगळ्या जगाला तुझ्याइतकंच कमी ऐकू येतं असं समजून तू बोलायचास. आमच्या चुलीपाशी ते फार मोठं वाटायचं. मैदानावर मात्र तोच आवाज बरोबर मापाचा होता.

राहनाळच्या अलीकडचं ते फुटबॉलचं मैदान तुला वेगळं सांगायला नको, पण मला लिहून बघायचं आहे. चार भावांची जमीन, त्यांनी भात लावणं सोडलेलं, बांध झिजून गेलेले. गोलचे खांब सुताला खळ लावायच्या सायझिंग कारखान्यातून आणलेल्या जुन्या पायपांचे आणि त्यांना लावलेली जाळी अंजूरच्या कोळ्यांनी टाकून दिलेली, मासे धरायची. उजव्या कोपऱ्यात एक खळगा होता. बॉल तिथे गेला की दमून बसल्यासारखा थांबायचा. आपल्या पोरांना ते माहीत, बाहेरून आलेल्यांना नाही, आणि आपले निम्मे गोल त्या खळग्याने केलेले. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून मॅच शुक्रवारी. एका बाजूला गावातली माणसं, दुसऱ्या बाजूला लूमवरचे भय्ये, आणि मधे उपड्या ड्रमवर तू, हातात तो निळा भोंगा. कॉमेंट्री अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. लेफ्टला खेळणाऱ्याला तू सगळ्यांसमक्ष विचारायचास की बॉल तुझ्या घरचा हाय काय, दुसऱ्याला द्यायला जीव जातोय तो. दोन्ही बाजू हसायच्या. रेफ्रीची शिट्टी तुला ऐकू यायची नाही, म्हणून तू त्याच्या हाताकडे बघत बोलायचास, आणि त्याने हात उचलायला उशीर केला तर खेळ थांबल्यावरही दोन वाक्यं तुझं चालूच असायचं.

तू मला एकदाच ओरडलास. मी नऊ-दहा वर्षांची असेन. समोरच्या टीमचा एक जाडा बॅक चिखलात तोंडावर पडला आणि मी तुझ्या ड्रमशेजारी उभी राहून टाळ्या पिटत हसले. तू भोंगा खाली घेतलास. तू म्हणालास, "पडलेल्या मानसाला हसाचं न्हाय. तो उठंस्तवर बोलनाऱ्यानं गप ऱ्हाचं." मग तू खरंच गप्प राहिलास, तो बॅक उठून, तोंड पुसून, जागेवर जाईपर्यंत. सगळं मैदान तुझ्याबरोबर गप्प. मला तेव्हा रडू आलं होतं, आणि तुझा रागही.

पण मी तुला ओरडले ते याहून वाईट होतं, आणि ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी अकरावीला भिवंडीत कॉलेजला जायला लागले होते. एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली. तू शिफ्ट संपवून आलेला, अंगावर सुताची पांढरी लव, आणि तिला तू प्रेमानेच विचारलंस की पोरी, भाकरी खाशील का. ती दचकून उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती गोष्ट तिने सगळ्यांना करून दाखवली. संध्याकाळी आई चुलीवर तवा ठेवत होती आणि मी तुला म्हणाले की घरात तरी हळू बोलत जा, माणसं हसतात आपल्याला. दुसऱ्या दिवसापासून तू हळू बोलायला लागलास. पण हळू म्हणजे किती हे तुला कळायचं नाही, तुला तुझाच आवाज ऐकू यायचा नाही. तुझे नुसते ओठ हलायचे. आई विचारायची, काय म्हनलास? आणि तू हाताने सांगायचास, काय न्हाय. मला ते दिसत होतं. तुझ्या जवळ येऊन, बा, बोल तू, असं म्हणायला दोन पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत.

त्याच वर्षी मैदान गेलं. चारही भावांनी जमीन विकली, त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शेवटची मॅच ठरली आणि सगळं गाव गेलं. मी गेले नाही. भिवंडीत एका मैत्रिणीकडे अभ्यासाचं निमित्त काढून बसले, कारण तू सगळ्यांसमोर भोंग्यावर रडशील अशी मला भीती होती. त्या दिवशी तू शेवटी काय बोललास ते मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही. आपला गोलकीपर सांगतो की तू पहिल्या टीमपासून सगळ्या खेळाडूंची नावं घेतलीस. आई सांगते, तू फक्त म्हणालास, खेल संपला, पन घरी जायाची घाई करू नका. आणि चाचा, तो लूमवरचा म्हातारा चाचा, जो पलीकडच्या बाजूचं ओरडणं सांभाळायचा, तो सांगतो की तू भोंगा तोंडाला लावलास, थोडा वेळ तसाच उभा राहिलास आणि काही न बोलता खाली उतरलास. तू घरी आलास तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी तुझी छाती भरायला लागली, मग दवाखाना, आणि विचारायचं राहूनच गेलं.

तुझ्या पश्चात तिथे गोदाम उभं राहिलं. निळे पत्रे, उंच भिंत. भिंतीसमोर एक चहाची टपरी आली, आणि आपली जुनी माणसं दर शुक्रवारी त्या टपरीवर जमायला लागली. हातात ग्लास, तोंड भिंतीकडे. तिसऱ्या शटरच्या जागी गोल होता, पत्र्याच्या कोपऱ्याखाली तो खळगा असेल, अमक्याने तिथून मारलेला बॉल अजून आत कुठेतरी असेल. मीही जायचे. मला ते ऐकायला आवडायचं, कारण त्यात दर दहा वाक्यांनंतर तू यायचास. मीही मान हलवायचे, शेवटच्या मॅचला आपण सगळे होतो की, असं कुणी म्हणालं की गप्प राहायचे. अशी चार-पाच वर्षं गेली. तोवर मी इथे दापोड्याच्या गोदामात लागले होते. गाड्यांचे नंबर माईकवर पुकारायचं माझं काम.

एका शुक्रवारी आपला गोलकीपर टपरीवर रिक्षा थांबवून उतरला. तो आता अंजूर-भिवंडी रिक्षा चालवतो, पोट सुटलंय, पण क्लब अजून तोच सांभाळत होता. त्याने सांगितलं की या महिन्यात क्लब बंद करायचा ठरतोय. पोरं अंजूरच्या पुढे खाडीच्या खाजणात खेळतात, खारी जमीन, उधाणाला एका कोपऱ्यात पाणी शिरतं. पाणी ओसरायची वेळ बघून मॅच लावावी लागते. एवढं करून बघायला सात माणसं. मागच्या शुक्रवारी तर चारच, त्यातला एक बकऱ्या शोधत आलेला. पोरं म्हणतात, कुणासाठी खेळायचं? टपरीवरची माणसं चुकचुकली. कुणीतरी म्हणालं, आपल्या मैदानाची सर त्या चिखलाला कुठून येणार. आणि पुन्हा सगळे भिंतीकडे तोंड करून तिसऱ्या शटरवर बोलायला लागले.

मला राग आला, बा. आधी माझाच आला. मग मी उठून त्यांच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहिले. मी म्हणाले, "मैदान गेलं. पोरं हायत अजून. ती काय भिंतीत हायत?" चाचाने ग्लास खाली ठेवला. मी गोलकीपरला सांगितलं की पुढच्या शुक्रवारी मला घ्यायला ये, भोंगा घेऊन येते.

भोंगा माळ्यावर होता. आईने तो माझ्या हातात बघितला आणि तिला वाटलं मी भंगारात द्यायला काढला. खरं कळल्यावर ती म्हणाली की बापाने एवढी वर्षं घसा फोडला तो पुरे नाही का झाला, आणि बाईमाणसाने चार गावांसमोर उभं राहून ओरडायचं म्हणजे काय. मी तिच्याशी वाद घातला नाही. बॅटरीच्या जागी गंज चढला होता, तो घासून काढला. पहिल्या शुक्रवारी आठ माणसं होती आणि चाचा नववा. समोरच्या टीमच्या माणसाने आमच्या कॅप्टनला बाजूला घेऊन विचारलं की ही बाई इथे काय करतेय. कॅप्टन माझ्याकडे बघायला लागला. मी उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता भोंगा चालू केला आणि दोन्ही टीमचं स्वागत केलं. ते एवढं जोरात झालं की खाजणातले बगळे उडाले. मग मी तुझी सगळी वाक्यं म्हटली. बॉल तुझ्या घरचा हाय काय, तेही म्हटलं. कुणी हसलं नाही. हाफटाइमला चाचा माझ्याजवळ आला, आणि बा, तो अजिबात रागावलेला नव्हता. तो म्हणाला, "बेटी, ये तो तेरे बाप का है. तू अपना सुना."

माझं असं काय होतं? मला गाड्या पुकारता येत होत्या. सेकंड हाफला मी तेच केलं. राईटवाल्याला रिव्हर्स घ्यायला सांगितलं. बॅकला म्हणाले, गेटवर गाडी सोडू नको, पास बघितल्याशिवाय आत कुणी जाणार नाही. त्यावर कॅप्टन पळता पळता हसला आणि बॉल हुकला. नऊच्या नऊ माणसं हसली. घरी आले तेव्हा माझा घसा पूर्ण बसला होता आणि मी आईशी बोलले तर नुसते ओठ हलले. आई माझ्याकडे बघत राहिली. मग उठून हळदीचं दूध करायला गेली. मैदानाबद्दल ती त्यानंतर काही म्हणाली नाही.

पुढचं सगळं एकदम झालं असं समजू नकोस. दुसऱ्या शुक्रवारी बाराच माणसं होती. तिसऱ्या शुक्रवारी उधाणाचा अंदाज चुकला आणि अर्ध्या मॅचला पाणी आलं. मी रोज संध्याकाळी टपरीवर जाऊन विचारायचे, येणार का, आणि नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. सुपरवायझरकडून शुक्रवारची ड्युटी बदलून घेतली, त्याबदल्यात रविवार दिला. गोलकीपरच्या रिक्षाच्या दोन फेऱ्या फुकट ठरल्या, मग तीन. जुनी माणसं आली ती कुरकुर करायलाच आली. इथे वारा फार आहे. इथे खळगा नाही. इथे बसायला बांध नाही. मी भोंग्यावर सांगितलं की तक्रार असेल त्याने पुढच्या शुक्रवारी लवकर येऊन चांगली जागा धरावी. तर खरंच लवकर यायला लागली.

त्या हंगामाच्या शेवटच्या मॅचला माणसं मोजता आली नाहीत. लूमवरची माणसं शहरातून टेम्पोने आली होती, जुन्या मैदानासारखीच एका बाजूला उभी राहिली, गावातली दुसऱ्या बाजूला, कुणी सांगितलं नसताना. आपण हरलो, एक-शून्य. शेवटच्या मिनिटाला आपल्या पोराने मारलेला बॉल गोलच्या खांबाला लागून परत आला आणि तो पोरगा गुडघ्यावर बसला, चेहरा हातात. मी बोलायचं थांबवलं. ठरवून नाही, आपोआप. दोन्ही बाजू गप्प. तो उठला, चड्डीवर चिकटलेला चिखल झटकला, आणि मग जो आवाज झाला तो खाडीपलीकडे गेला असेल. शिट्टी झाल्यावर कुणी घरी जाईना. क्लब बंद करायची गोष्ट त्या दिवसानंतर कुणी काढली नाही. याला आता तीन वर्षं झाली, आणि यंदा आपण नवी पोरंही घेतली आहेत, त्यांतल्या कुणी ते जुनं मैदान पाहिलेलंसुद्धा नाही.

टपरी अजून आहे. शुक्रवारी मॅच सुटली की आम्ही तिकडूनच परत येतो, चहा घेतो आणि भिंतीकडे बघतो. चाचा म्हणतो, वैसा मैदान फिर नहीं होगा. गोलकीपर म्हणतो, नाहीच होणार. मीही म्हणते, नाही होणार.

लाईट आली आहे, बाहेर ड्रायव्हर उठायला लागले. हे पत्र मी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकीन, दुसरीकडे कुठे टाकणार. आतापर्यंत मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि टपरीवर सांगितलं तर मला चहा मिळायचा नाही: मला खाजणातलं मैदान जास्त आवडतं. तिथे बॉल सरळ जातो, आणि बोलताना मला माझा आवाज ऐकू येतो.