ज्योत्स्नाची मालीश

समुद्रपूर,
शनिवार, ७ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. आत्यास,

ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार. (आता वाकवत नाही, तेव्हा मनानं वाकले असं समजा.) तुमचा खोकला कसा आहे? मामांची सायकल दुरुस्त झाली का? आम्ही सगळे इकडे बरे आहोत.

आधी एक दुरुस्ती. दिवाळीच्या पत्रात मी लिहिलं होतं की मला रोज मालीश होते आणि खूप आराम वाटतो. ते चुकलं. आमच्या घरी रोज मालीश होते हे खरं आहे, आराम वाटतो हेही खरं आहे. फक्त या दोन्ही गोष्टी सासूबाईंच्या वाट्याला येतात, माझ्या नाही. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला चुलीपुढे बसवून अक्षरं शिकवलीत, तेव्हाच सांगितलं होतं की कागदावर खोटं उतरवायचं नाही. म्हणून हे कळवते आहे.

झालं ते असं. मागच्या महिन्यात यांच्यासोबत वर्ध्याला तपासायला गेले होते, तेव्हा पाठ फार दुखते म्हणून डॉक्टरीणबाईंना मालीशबद्दल विचारलं. त्यांनी नीट समजावलं. पाठ, खांदे, पाय हलक्या हातानं चालतील, तेही कुशीवर निजून. झोप बरी लागते, पायात गोळे कमी येतात. पोट मात्र चोळायचं नाही की दाबायचं नाही. पाय सुजले, एकच पोटरी दुखली किंवा अंगावरून रक्त गेलं तर मालीश बंद आणि लगेच दवाखाना. बाळंतपण सोपं होतं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तशी खात्री कोणी देऊ नये. (मूल गोरं होतं का, हे मी विचारलं नाही. घरून विचारायला सांगितलं होतं, पण लाज वाटली.)

बसमध्ये मी हे सगळं मनात घोकत आले. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं यांना, आणि हे म्हणाले, "डॉक्टरीण म्हणे, मालीश चालते." एवढंच म्हणून हे दुकानात गेले, कारण कापसाचे दिवस, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. उरलेलं मी सांगायला लागले तोवर सासूबाईंनी जयवंताबाईंना निरोपही धाडला होता.

जयवंताबाई आमच्या आळीतल्या सगळ्या बाळंतपणांना असतात. यांच्या जन्माच्या वेळीही त्याच होत्या, त्यामुळे यांना अजून एकेरीत हाक मारतात. आल्या त्या तेल कोमट करूनच बसल्या आणि म्हणाल्या, "पोट नाई चोळलं त लेकरू आडवं राह्यते, बाई." मी घाबरून विचारलं, किती जोर लावता? दोन बोटांचा की तळव्याचा? मग दुखलं तर? जयवंताबाईंना आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. त्या सासूबाईंकडे बघू लागल्या.

सासूबाई म्हणाल्या, "काऊन भेऊन राह्यली वं एवढी? जयवंता, माह्यावर करून दाखव इले." आणि चटईवर निजल्या. जयवंताबाईंनी दाखवायला सुरुवात केली. पोटावरून पाठीवर, पाठीवरून पायांवर येईपर्यंत सासूबाई घोरू लागल्या. झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं? तेल संपलं, जयवंताबाई उद्या येते म्हणून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, काल नीट समजलं नसेल, आज पुन्हा दाखव. तेव्हापासून रोज दाखवणं चालू आहे. शेजारच्या शालूकाकू पोटुशीची मालीश कशी असते ते बघायला आल्या आणि त्याही निजल्या. त्यांची नणंद हिंगणीहून पाहुणी आली आहे, तिचाही खांदा आखडलेला निघाला. दुपारी मामंजींना कोणी विचारलं की बाया कुठं आहेत, तर ते सांगतात, "ज्योत्स्नाची मालीश चालू हाये." ज्योत्स्ना तेव्हा सगळ्यांचा चहा ठेवत असते. वाटीच्या तळाशी तेल उरलं तर माझे तळपाय होतात. (तेवढ्यानंही बरं वाटतं, हे प्रामाणिकपणे लिहिते.)

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं तसं नाही. येत्या शुक्रवारी मला सातवा लागतो, आणि त्या दिवसापासून माझं पोट चोळायला घ्यायचं असं सासूबाई आणि जयवंताबाईंनी ठरवलं आहे. काल मी डॉक्टरीणबाईंचं उरलेलं बोलणं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "माह्यं पोट रोज चोळते जयवंता. मले झालं का काई? उलट झोप लागून राह्यली."

आत्या, याला एकच उत्तर आहे. "तुमच्या पोटात बाळ नाही, आई." पण छप्पन्न वर्षांच्या सासूला हे तोंडावर कसं म्हणायचं, ते मला सुचलं नाही. मी मान हलवली. त्यांना तो होकार वाटला. रात्री बाळ हललं आणि मला फार भीती वाटली. त्या वाईट नाहीत हो. माझ्यासाठी डिंकाचे लाडूही त्यांनीच वळले. म्हणूनच अवघड जातं.

सगळ्यांना नमस्कार. तुमची,
ज्योत्स्ना

ता. क. — तुम्ही येऊन माझ्यासाठी बोला, असं कळवण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं होतं. लिहिताना वाटलं, बाळ माझं आहे, तर बोलायचं मीच. तुम्ही फक्त नालवाडीच्या आपल्या घरातली मागची खोली झाडून ठेवा. सासूबाई रागावल्याच तर बाळंतपणाला माहेरी, तुमच्याकडे, थोडी लवकर येईन.

ता. क. दुसरा — आणि रागावल्या नाहीत, तरी एकदा येऊन जा. तुम्ही सासूबाईंना गप्पांत गुंतवलंत, तर माझ्या पाठीला एखाद्या दिवशी तेल लागेल.

ता. क. तिसरा — गुरुवारी सासूबाईंचा उपास असतो, आणि उपासाच्या दिवशी कोणावर रागवायचं नाही हा त्यांचा नियम आहे. तेव्हा बोलणार ते गुरुवारी, १२ नोव्हेंबरला, सकाळी, जयवंताबाई यायच्या आत.