सेव्दाच्या दुलया

किलिस, ४ ऑक्टोबर २०१८

ति. रेमझीदादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तळघरातल्या ओलीने खोकला जात नाही, बाकी बरं. गावच्या दुर्सुनकाकांनी नातवासाठी माझ्या लेकीला, सेव्दाला मागणी घातली आहे. नवरीकडच्या अंथरुणाचीही काळजी नको, घरात सगळं तयार आहे, असा निरोप आलाय. इतका उदारपणा काकांना कधीपासून सुचायला लागला! तरी पोर या परमुलखातल्या तळघरातून सुटून गावी परतेल. तू मामा, शिवाय गावातच आहेस. घर बघ आणि होकार देऊन ये. तिथं फार जेवू नकोस, पोट सांभाळ.

तुझ्या लोभाची हक्कदार,
साबिहा

आक्काया, १९ ऑक्टोबर

चि. साबिहास, अनेक आशीर्वाद.

गेलो. कॉफी प्यायलो, मग नवरानवरीची खोली पाहिली. भिंतीशी सात दुलया रचलेल्या. लोकरीच्या, डाळिंबी साटीनच्या, तुझ्या तिरक्या टाक्यांच्या. लढाईत तुम्ही सीमेपार पळालात तेव्हा सेव्दाच्या रुखवताची पेटी मागे राहिली, तिच्यातल्या! काका वर हात फिरवत म्हणाले, बघ, कसा ऐवज जमवलाय. लाज नावालाही नाही. तुझ्या घराचं दार त्यांच्या गोठ्याला लागलंय. बाहेर येऊन भिंतीमागे ओकलो. पण तोंडातून नकार फुटला नाही. चौकीवर काकांची माणसं, आणि आपली ऑलिव्हची झाडं चौकीपलीकडे. बहिणीला विचारतो, एवढंच म्हणालो. स्वतःला मामा म्हणवायची किळस येते.

लोभ करण्याजोगा उरलो असेन तर कर.
रेमझी

किलिस, २८ ऑक्टोबर

ति. दादास, सलाम, वि. वि.

खरं सांगते, क्षणभर मनात आलं, आपल्याच तर दुलया, पोर त्यांतच झोपेल. मग माझीच मला शिसारी आली. पत्र सेव्दाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ओल चालेल, त्या घरातलं पाणीही नको. तेव्हा नकार दे. पोर लहान आहे वगैरे सबबी सांगू नकोस. शुक्रवारी मशिदीबाहेर, सगळ्यांदेखत, कारणासकट दे. जमत नसेल तर कळव, मी येते.

राग पत्रापुरता, माया कायमची.
साबिहा

आक्काया, १० नोव्हेंबर

चि. साबिहास, आशीर्वाद.

काल नमाजानंतर सांगितलं. काका लालबुंद झाले, पण माना इतरांनीच खाली घातल्या. तेव्हापासून मला कोणी सलाम करत नाही. वाटलं, काकांना घाबरतात. घरी येऊन चहा ठेवला आणि हात थांबला. ही शेगडी शेजारच्या झेहराबाईंची. त्या पळाल्या तेव्हा मी 'सांभाळायला' म्हणून आणलेली, त्याला दोन वर्षं झाली. इथं प्रत्येकाच्या घरात कोणाचं ना कोणाचं काहीतरी आहे, साबिहा. शेगडी विझवली आणि त्यांच्या ओसरीवर ठेवून आलो. तासाभरात तिथून ती कोणीतरी उचलून नेली.

लोभ असू दे,
रेमझी